विदगावच्या पुलापलीकडचा टरबुजाचा मांडव: ५ पैकी साडेचार स्टार

जळगावहून चोपड्याला जाताना विदगावला तापीचा पूल ओलांडायचा अन् थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला निंबाच्या झाडाखाली हिरव्या नेटचा एक मांडव दिसतो. बोर्ड नाही, नाव नाही. एक बाज, एक वजनकाटा, ओलं गोणपाट गुंडाळलेला माठ अन् गव्हाच्या काडावर रचलेला टरबुजांचा ढीग, बस एवढंच. माझं माहेर चोपडा तालुक्यातलं, त्यामुळे या रस्त्याने माझं वीस वर्षांपासून येणंजाणं आहे, उन्हाळ्यात असे मांडव रस्त्याला किती तरी लागतात, पण मागच्या तीन सीझनपासून गाडी थांबते ती फक्त इथेच. खूप दिवसांपासून लिहायचं होतं, या रविवारी परत जाऊन आले तर म्हटलं आता लिहूनच टाकू, कारण आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की टरबूज फार दिवस राहत नाही, मग नंतर लिहून कोणाला काय उपयोग.

आधी मी इथे पोचले कशी ते सांगते. तीन वर्षांपूर्वीचा मार्च, ऊन चांगलंच तापायला लागलेलं, नणंदबाई पुण्याहून पोरांना घेऊन येणार होत्या (त्या कलिंगड म्हणतात, आमच्याकडे टरबूजच), म्हणून जळगावातल्या एका मोठ्या एसी दुकानातून दोन टरबूज आणले. दुकानाचं नाव नाही लिहीत. मस्त गडद हिरवे, चकचकीत, वर स्टिकर लावलेले, अन् बाजूलाच एक अर्धं कापून प्लास्टिक गुंडाळून ठेवलेलं लालभडक, ते पाहूनच घेतले. संध्याकाळी सगळे ओट्यावर बसले, पोरं वाट्या घेऊन तयार, अन् मी कापलं तर आतून गुलाबीसुद्धा नाही हो, नुसतं पांढुरकं, बिया पांढऱ्या, चव काकडीसारखी. पोरांची तोंडं पाहून मला इतकं वाईट वाटलं की विचारू नका. सासूबाई म्हणाल्या दुसरं कापू नको, आंब्यासारखं काडात घालून ठेवू, पिकेल. आठ दिवस ठेवलं. पिकलं काहीच नाही, आतून मऊ पडलं फक्त, शेवटी म्हशीला गेलं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की टरबूज वेलावरून तोडलं की त्याची गोडी वाढणं तिथेच थांबतं. आंबा, केळी, पपई, चिकू हे तोडल्यावर पिकतात, टरबूज नाही पिकत. आपण केळीच्या पट्ट्यातली माणसं, हिरवे घड कापून रायपनिंग चेंबरला जाताना अन् चार-पाच दिवसांत पिवळे होऊन बाहेर येताना रोज पाहतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळ्याच फळांचं असंच असतं. टरबुजाचं तसं नाही. ते कोणी तोडलं, कोणत्या दिवशी तोडलं, यावरच सगळं आहे, गिऱ्हाइकाने कितीही ठोकून पाहिलं तरी ढिगातली सगळीच कच्ची असतील तर त्यातून निवडणार काय? म्हणून मी हा रिव्ह्यू लिहितेय, कारण या मांडवावर तोडणारा माणूस अन् विकणारा माणूस एकच आहे.

मांडववाले आप्पा साठीच्या पुढचे, सोबत त्यांची बायको, त्यांना येणारे-जाणारे सगळे माय म्हणतात. शेत मांडवाच्या मागेच आहे, ठिबक, मल्चिंग पेपर, सगळं व्यवस्थित. मी एकदा विचारलं की आप्पा एवढा चांगला माल आहे तर व्यापाऱ्याला का नाही देत, कटकट संपेल. तर ते म्हणे अर्धा प्लॉट व्यापाऱ्यालाच जातो, पण व्यापाऱ्याची गाडी आली की एका दिवसात शेत खाली करावं लागतं, त्यात पिकलेलं-न पिकलेलं सगळं एकाच गाडीत चढतं, अन् लांब जाणारा माल म्हणून चार दिवस आधीच तोडायला सांगतात. मांडवाच्या वाट्याचा प्लॉट मात्र ते दिवसाआड चालत फिरून, एकेक पाहून, पहाटेच्या गारव्यात तोडतात. माझ्या मते या मांडवाची सगळी चव यातच आहे. बाकी बियाणं तेच, पाणी तेच, शेजारच्या शेतातही तेच लावलेलं असतं.

आता निवडायचं कसं ते, कारण मला हे इथेच शिकायला मिळालं अन् आप्पा प्रत्येकाला तेवढ्याच मन लावून सांगतात, घाई असेल तरी.

पहिल्या वेळी मी सवयीने सगळ्यात चकचकीत टरबूज उचललं होतं. आप्पांनी ते माझ्या हातातून घेतलं अन् बाजूला ठेवून दिलं. "ताई, हे चमकू राह्यलं म्हणजे कच्चं आहे, पोराने चुकून तोडेल आहे, हे तुम्हाले नाही देत." मग त्यांनी एक जरा मळकट दिसणारं उचललं, पालथं केलं अन् त्याचं बूड दाखवलं. टरबूज शेतात ज्या बाजूने जमिनीला टेकलेलं असतं तिथे ऊन लागत नाही, तिथे डाग पडतो. तो डाग पांढरट किंवा हिरवट असेल तर ठेवून द्यायचं, तुपासारखा पिवळा असेल तर घ्यायचं. मी तोपर्यंत उलटं तो डाग पाहून टरबूज सोडून द्यायची, मला वाटायचं सडायला लागलंय! किती वर्षं चांगली टरबुजं हातची सोडली असतील देव जाणे.

दुसरी खूण देठाजवळची. वेलाला देठापाशी एक बारीक कुरळी बाळी असते, स्प्रिंगसारखी. फळ वाढत असेपर्यंत ती हिरवी राहते, पिकलं की वाळून तपकिरी होते. बाजारातल्या टरबुजाला ही बाळी तुम्हाला कधीच दिसणार नाही कारण देठ पार बुडापासून तोडलेला असतो. आप्पा मात्र प्रत्येक फळाला चार बोटं वेल ठेवून कापतात, बाळीसकट, म्हणजे गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. मी तर असं दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही. देठ कोरडा आहे म्हणजे टरबूज पिकलेलं, असं बरेच जण म्हणतात, पण तोडून तीन दिवस झाले तर कच्च्याचाही देठ वाळणारच ना, म्हणून बाळी जास्त खरी, अन् तीही ताज्या मालावरच.

मग आवाज. हे सगळ्यांना माहिती असतं पण ऐकायचं काय ते बऱ्याच जणांना माहिती नसतं, नुसतं ठोकतात अन् मान हलवतात. आप्पा टरबूज डाव्या तळहातावर धरतात, कानाशी नेतात अन् उजव्या हाताच्या मधल्या बोटाने एकच टिचकी मारतात. कच्च्याचा आवाज टणटण, स्टीलच्या डब्यावर मारल्यासारखा. पिकलेल्याचा बदबद, जड, आतल्या आत राहणारा. माझ्या पोरीला फरक कळेना तर त्यांनी तिला शेजारचा माठ वाजवायला लावला, आधी पाण्याच्या वर रिकाम्या भागावर, मग खाली जिथे पाणी आहे तिथे. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ना, एकदम लख्ख! तेव्हापासून घरी टरबूज कोणीही आणलं तरी वाजवायचा मान तिचाच असतो. अन् आवाज अगदीच मेलेला, भसभस येत असेल तर ते जास्त पिकून आतून पिठूळ झालेलं असतं, तेही नको.

वजनाचं साधं आहे, एका आकाराची दोन हातात घ्या, जड असेल ते घ्या, टरबुजात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, हलकं लागलं म्हणजे कुठेतरी पाणी कमी आहे.

आणखी एक, ते नर टरबूज अन् मादी टरबूज म्हणून जे फिरतं, लांबट म्हणजे नर पाणचट अन् गोल म्हणजे मादी गोड, ते मीही आप्पांना विचारलं होतं. ते मला सरळ शेतातच घेऊन गेले. सकाळचे साडेसात असतील, फुलं उघडलेली, पिवळी, नाजूक. एकाच वेलावर दोन प्रकारची फुलं त्यांनी दाखवली, एक नुसत्या देठावरचं, ते नर, अन् दुसऱ्याच्या मागे बोराएवढं केसाळ हिरवं टरबूज लागलेलं, ते मादी. म्हणजे नर-मादी फुलात असतं, फळात नाही, फळ सगळं मादी फुलाचंच. आकार लांबट की गोल हे बियाण्यावर. त्या मादी फुलावर एक मधमाशी बसली होती, पिवळ्या परागाने पाय भरलेले, आप्पा हळूच म्हणाले की ही आली तरच टरबूज आहे नाहीतर कळी गळून जाते, फूल एकच दिवस उघडं राहतं, म्हणून सकाळी ते फवारणी करत नाहीत, करायचीच झाली तर दिवस मावळताना. मी तिथे पाच मिनिटं उभी राहिले असेन. आयुष्यभर टरबूज खाल्लं पण त्याचं फूल मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिलं.

माल कोणता असतो तर जास्त करून शुगर क्वीन, गडद हिरवं लांबट, साधारण तीन ते पाच किलोचं, साल पातळ, बी बारीक अन् कमी. कधी कधी पट्ट्यापट्ट्यांची मोठी टरबुजंही थोडी असतात, आठ-नऊ किलोची, ती मोठ्या घरांसाठी अन् लग्नाच्या पंगतीला नेतात लोकं. या रविवारी भाव १५ रुपये किलो होता, मोठ्याला १२. जळगावच्या बाजारात थोडं स्वस्त मिळेल, पण एक टरबूज कच्चं निघालं की तो स्वस्तपणा गेलाच ना पाण्यात.

अन् हे मोठ्या पट्ट्याचं टरबूज पाहिलं की मला माझी आजी आठवते, म्हणून थोडं विषयांतर करते. आजीचं माहेर तापीकाठचंच. तिच्या लहानपणी शेतात टरबूज कोणी लावत नसे, ते नदीतच व्हायचं. पावसाळा सरला, पाणी उतरलं, वाळू उघडी पडली की थंडीच्या दिवसांत भोई लोकांची कुटुंबं पात्रात उतरायची, वाळूत हातभर खोल चर खणायची, खाली ओल लागली की त्यात शेणखत घालून टरबुजाचं अन् डांगराचं बी टाकायची (डांगर म्हणजे आमच्याकडे खरबूज, बाहेरच्यांचा गोंधळ होतो). नदीतच झोपडी, नदीतच चूल, रात्री कोल्ह्यांना हाकलायला डबे वाजवायचे. आजी म्हणायची की दिवसा वाळू पोळायची अन् रात्री थंडगार व्हायची, म्हणून नदीच्या टरबुजाला ती गोडी. मी स्वतः पाच-सहा वर्षांची असताना आजोबांच्या खांद्यावर बसून अशा मळ्यात गेल्याचं मला आठवतं, पायाखालची गरम वाळू अन् झोपडीच्या सावलीत लावलेली टरबुजांची रांग, एवढंच, पण स्पष्ट आठवतं.

आता ते फार कमी राहिलंय. वरून हतनूर धरणाचं पाणी सोडलं की मळे बुडायची भीती, वाळू उपशाने पात्रात नुसते खड्डे, अन् खाली शहादा तालुक्यात सारंगखेडा, प्रकाशाला बॅरेज झाले त्यामुळे तिकडे पात्रात पाणी साचून राहतं, शेतीला पाणी मिळालं ते चांगलंच झालं पण वाळूच पाण्याखाली गेली तर मळा कुठे करणार. आप्पांचे वडीलही नदीतच टरबूज करायचे. आप्पा सांगतात की बियाणं बदललं, ठिबक आलं, साठ-सत्तर दिवसांत पीक निघतं, पैसा दोन पिकांचा होतो, पण नदीच्या टरबुजाची साल जाड असायची अन् ते महिनाभर टिकायचं. हे बोलताना ते पुलाकडे पाहत होते. मला वाटतं कोणीतरी हे सगळं नीट लिहून ठेवायला पाहिजे, नदीतल्या मळ्यांचं, ती माणसं अजून आहेत तोपर्यंत.

बरं, चवीकडे येते.

मांडवावर कापून चाखायला देतात, पण बाजारात जसं त्रिकोणी फोड काढून परत लावून देतात तसं नाही. माय एक आख्खं टरबूज धुऊन सगळ्यांसाठी कापतात अन् जे थांबतील त्यांना एकेक फोड. त्यांचं म्हणणं की भोक पाडलेलं टरबूज या उन्हात घरी जाईपर्यंतच आंबायला लागतं, त्यापेक्षा तुम्ही आमचं खा अन् तुमचं आख्खं न्या, कच्चं निघालं तर परत आणा. विळा टरबुजाच्या मध्यावर ठेवून दाबला की अर्ध्यावर जाईपर्यंतच पुढचं आपोआप तडकत जातं, तो चर्रर्र आवाज ऐकला की समजायचं आत काय असेल ते. लाल रंग कडेपर्यंत, बिया काळ्याभोर, मधला गर रवाळ, जिभेवर साखरेचे कण असल्यासारखा. बाहेर ४३ डिग्री, लू चाललेली, अन् निंबाच्या सावलीत उभं राहून ती फोड खायची, रस कोपरापर्यंत ओघळतो, पुसायचंसुद्धा भान राहत नाही. नणंदबाईंच्या पोरांना मी पुढच्या वर्षी इथेच घेऊन आले होते, धाकट्याने चार फोडी खाल्ल्या अन् मायला विचारलं अजून आहे का. त्या पांढऱ्या टरबुजाचं दुःख माझ्या मनातून त्या दिवशी गेलं.

एकदा मात्र इथलं टरबूज मला चुकीचं लागलं होतं, तेही सांगायला पाहिजे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक नेलेलं कापलं तर आतून मधोमध फाटलेलं, पोकळी पडलेली, बोट जाईल एवढी. आमच्या गल्लीत लगेच सुरू झालं की हे इंजेक्शनचं आहे, फेकून द्या, खाऊ नका. मी फोटो काढला अन् पुढच्या फेरीला आप्पांना दाखवला. त्यांनी आधी काही न बोलता एक टरबूज माझ्या गाडीत ठेवलं, पैसे घेतले नाहीत, मग सांगितलं की फूल नीट फळलं नाही, मधमाशा कमी आल्या किंवा हवामान मधेच बदललं, फळ एकदम भराभर वाढलं की आत असं फाटतं. खायला काही होत नाही, उलट अशी बऱ्याचदा गोड असतात, अन् खरंच ते गोड होतं. इंजेक्शनचं मला विचाराल तर, सालीला सुई टोचली की तिथून हवा अन् जंतू आत जातात, टरबूज दोन दिवसांत सडायला लागेल, शिवाय रंग एका ठिकाणी साचेल, सगळीकडे सारखा पसरणार नाही. तरी मनात शंका असेल तर कापलेल्या फोडीवर स्वच्छ कापूस घासून पाहा, कापूस लालभडक झाला तर गडबड आहे. मी केलंय, या मांडवाच्या टरबुजाला कापसावर नुसतं पाणी येतं अन् हलकी गुलाबी छटा. कष्ट करून पिकवलेल्या मालावर अशा अफवा फिरवताना लोकांनी एकदा त्या शेतकऱ्याचा विचार करावा, एका व्हिडिओने पूर्ण आठवड्याचं गिऱ्हाईक तुटतं, आप्पांचं तुटलं होतं.

घरी नेल्यावर काय करायचं याबद्दल मायचं ऐकून मी आता फ्रिजमध्ये आख्खं टरबूज कोंबत नाही. घरात पलंगाखाली, गार फरशीवर, सहा-सात दिवस आरामात राहतं. कापायच्या आधी साल धुवायची हं, नाहीतर सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. खायच्या दोन तास आधी बादलीभर पाण्यात बुडवून ठेवायचं किंवा ओलं गोणपाट गुंडाळून कूलरसमोर, फ्रिजपेक्षा याचा गारवा मला जास्त आवडतो, दात शिवशिवत नाहीत अन् चव कळते, फार गार केलं की गोडीच कळत नाही. एकदा कापलं की मात्र झाकून फ्रिजमध्ये अन् दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवायचं. रस्त्यावर कापून ठेवलेल्या फोडी मी पोरांना घेऊन देत नाही, कितीही लाल दिसल्या तरी, या उन्हात त्यांना वेळ लागत नाही.

माझे वडील दुपारी ज्वारीची भाकर अन् टरबूज खायचे, कोरड्यास नाही, काही नाही, भाकरीचा तुकडा अन् टरबुजाचा घास. मला तेव्हा विचित्र वाटायचं, आता मीच खाते. वर थोडं मीठ, बाकी काही नको, चाट मसाला तर नकोच, एवढ्या चांगल्या फळावर मसाला कशाला. सालीचा पांढरा भाग किसून माय थालीपीठ करतात म्हणाल्या, मी त्याची भाजी केली, दुधी भोपळ्यासारखी, लसूण अन् शेंगदाण्याचा कूट घालून, घरात कोणाला कळलंसुद्धा नाही. बिया धुऊन वाळवून ठेवते, तव्यावर मीठ लावून भाजल्या की पोरीचं संध्याकाळचं खाणं. आईला शुगर आहे, तिला डॉक्टरांनी पूर्ण बंद नाही केलं, वाटीभर, जेवणात मोजून खा म्हणाले, १०० ग्रॅम टरबुजात साधारण ६ ग्रॅम साखर असते. पण रस काढून पिऊ नको, फोडीच खा, हेही सांगितलं. तुमच्या घरी कोणाला शुगर असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता अर्धा स्टार का कापला. गाडी लावायला जागा नाही, रस्त्याच्या कडेलाच लावावी लागते अन् ट्रक एवढ्या जोरात जातात की पोरं सोबत असली की माझा जीव वरखाली होतो. आप्पा शेताच्या बांधाकडे थोडी जागा सपाट करून देतील तर फार बरं होईल, मी त्यांना बोलले आहे, करतो म्हणालेत. फोनवरून पैसे घेतात पण रेंज कधी असते कधी नसते, तेव्हा शंभर-पन्नासच्या सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. अन् उशिरा गेलात तर निवड राहत नाही, ११ नंतर चांगला माल संपत आलेला असतो, मागच्या महिन्यात मी दुपारी दोनला गेले तर बाजेवर आप्पा झोपलेले अन् काडावर तीनच टरबुजं, तीही त्यांनी दिली नाहीत, म्हणे ही उद्या बकऱ्यांना टाकायची आहेत. मी वीस किलोमीटरवरून आलेली, रिकाम्या हाताने परत गेले. राग आला होता थोडा. पण घरी आल्यावर वाटलं, दुसरा कोणी असता तर दिली असती.

सध्या मांडवात एका कोपऱ्यात डांगरं पण यायला लागली आहेत, वास पुलापासूनच येतो म्हटलं तरी चालेल. आखाजीला घागरीवर ठेवायला आपल्याकडे डांगर लागतंच, सांजोऱ्या अन् आंब्यासोबत, अन् ऐन सणाच्या आदल्या दिवशी जळगावात डांगराचा भाव काय होतो ते सगळ्यांना माहितीच आहे. माय आधी सांगितलं तर बाजूला काढून ठेवतात. मी दोन सांगून आले, एक आमच्या घागरीसाठी, एक आईकडच्या. आखाजीला माहेरी जाताना गाडी तिथे थांबेलच, पोरगी आत्तापासून विचारतेय की मधमाशी परत दिसेल का.

जाणार असाल तर सकाळी ७ ते १० मध्ये जा, डिक्कीत अंथरायला जुनं गोणपाट न्या, नाहीतर पुलाच्या स्पीडब्रेकरवर टरबुजं गडगडतात अन् एखादं तडकतंच.